जीर्णोद्धार आणि जतन : बर्फर्डच्या चर्चचा धडा

काव्य किंवा नाटक यांचा कर्ता बहुधा एक असतो, आणि तें एकदां लिहून झालें म्हणजे पुरें होतें. त्याचें परीक्षण करूं पाहणाऱ्या टीकाकारास ‘हें कोणाचें’ व ‘हें केव्हांचें’ या दोन प्रश्नांशीं फारसें अडावें लागत नाहीं. वास्तूची गोष्ट निराळी आहे. आणि आठशें वर्षें एकसारखें वापरांत असलेल्या देवालयाची तर अगदींच निराळी. त्याला एक कर्ता नसतो, एक जन्मतिथि नसते, आणि तें कधीं पुरेंही होत नाहीं. एका पिढीनें मनोरा उभारावा, दुसरीनें त्यावर शिखर चढवावें, तिसरीनें भिंती रंगवाव्या, चौथीनें त्याच भिंती चुन्यानें पांढऱ्या कराव्या, असें हें काम चालत आलेलें असतें. अशा कृतीची दुरुस्ती हाही तिच्या रचनेचाच एक भाग होय; आणि म्हणून दुरुस्ती बरी कीं वाईट हा प्रश्न गवंड्यापुरता न राहतां रसिकाचाही होतो.

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या प्रश्नावर मोठें वादळ उठलें. जुन्या इमारतींचें काय करावें याविषयीं जे विचार आज जाणत्या लोकांत मान्य झाले आहेत, त्यांपैकीं पुष्कळांचा उगम त्या वादळांत आहे. ज्या इमारतींवरून तें उठलें त्यांपैकीं एक म्हणजे ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्ड या लहानशा गांवचें, सेंट जॉन बॅप्टिस्ट याच्या नांवाचें चर्च. त्या वादांत खरें कोणाचें होतें, आणि जो पक्ष अखेरीस विजयी झाला त्याच्या सिद्धांतांत कांहीं उणें राहिलें काय, हें त्या चर्चच्याच साक्षीनें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बर्फर्ड हें गांव कॉट्सवोल्ड नांवाच्या टेंकड्यांच्या प्रदेशांत, विंडरश नदीच्या तीरावर वसलेलें आहे. त्याचा मुख्य रस्ता टेंकडीवरून उतरत उतरत नदीच्या पुलापाशीं येतो, आणि त्या उताराच्या पायथ्याशीं, पाण्याच्या शेजारीं, चर्च उभें आहे. मध्ययुगांत या भागांतील लोंकर युरोपांत नांवाजलेली होती. तिच्या व्यापारावर गबर झालेल्या लोकांनीं आपल्या गांवच्या चर्चवर सढळ हातानें खर्च केला. बर्फर्डच्या चर्चचा मधला मनोरा व पश्चिमेचा दरवाजा बाराव्या शतकांतले, नॉर्मन घडणीचे आहेत. जाड भिंती आणि अर्धवर्तुळाकार कमानी ही त्या घडणीची खूण. पंधराव्या शतकांत पैसा अधिक खेळूं लागला, तेव्हां त्याच बसक्या मनोऱ्यावर एक सडपातळ, टोंकदार शिखर चढविलें गेलें. दक्षिणेस तीन मजली, नक्षीदार मुखमंडप उभा राहिला. सभामंडप बव्हंशीं नव्यानें बांधला गेला. आणि व्यापारी मंडळाचें जें लहानसें प्रार्थनामंदिर आवारांत अलग उभें होतें, तेंही मुख्य इमारतीशीं जोडून घेण्यांत आलें. परिणाम असा झाला कीं आंतील मांडणी एखाद्या जुन्या वाड्यासारखी झाली आहे. एक चौक ओलांडून दुसऱ्यांत जावें, एखाद्या कमानींतून वांकून पाहावें आणि तेथें न अपेक्षिलेली खोली दिसावी, असा अनुभव तेथें येतो. कोणा एका स्थपतीनें कागदावर आंखून अशी इमारत कधींच सिद्ध झाली नसती. तिची शोभा तिच्या बेशिस्तींत आहे, आणि ही बेशिस्त चार शतकांच्या गरजांनीं घडविलेली आहे.

इमारत उभी राहिल्यावरही तिच्यावर लिहिणें थांबलें नाहीं. आठव्या हेन्री राजाचा नापित व शस्त्रवैद्य एडमंड हार्मन यानें १५६९ सालीं येथें आपल्या कुटुंबाचें स्मारक करविलें. त्यावर अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांच्या आकृति कोरलेल्या आहेत, आणि इंग्लंडांतील अशा आकृतींत त्या पहिल्याच असाव्या असें मानितात. लॉरेन्स टॅनफील्ड नांवाचा एक बडा न्यायाधीश १६२५ सालीं वारला. तो आणि त्याची पत्नी या दोघांविषयीं गांवांत प्रेम नव्हतें. त्याच्या विधवेनें कोणाची परवानगी न घेतां चर्चच्या एका उपमंदिरांत त्याची भव्य, रंगीत, छत्रयुक्त समाधि उभी करविली. ती आजही तेथील पुष्कळशी जागा अडवून बसली आहे. लंडनमधील सेंट पॉलच्या मंदिराच्या बांधकामांत ज्याचा हात होता तो ख्रिस्तोफर केम्प्स्टर नांवाचा पाथरवट याच गांवचा. त्याचेंही स्मारक येथेंच आहे. राजाचा नापित, द्वेषाचा विषय झालेला न्यायाधीश आणि दगडावर पोट भरणारा कारागीर अशीं तीन माणसें एकाच छपराखालीं शेजारीं आलीं आहेत.

परंतु या सर्वांहून बोलकी खूण बाप्तिस्म्याच्या कुंडावर आहे. १६४९ सालच्या मे महिन्यांत क्रॉम्वेलच्या सैन्यांतील कांहीं शिपायांनीं बंड केलें. आपलीं गाऱ्हाणीं दूर होईपर्यंत आयर्लंडवर जाण्यास ते तयार नव्हते, आणि राज्यकारभारांत सामान्य माणसालाही मत असावें असें म्हणणाऱ्या ‘लेव्हलर’ पक्षाचे विचार त्यांच्यांत पसरलेले होते. क्रॉम्वेलनें रात्रीं छापा घालून त्यांना बर्फर्ड येथें पकडलें, आणि सुमारें ३४० जणांना या चर्चमध्यें कोंडून ठेविलें. १७ मे रोजीं त्यांपैकीं तिघांना चर्चच्या आवारांत गोळ्या घालण्यांत आल्या. उरलेल्यांना तें छपरावरून पाहावें लागलें असें सांगतात. त्या कोंडलेल्यांपैकीं अँथनी सेड्ली नांवाच्या एका शिपायानें कुंडाच्या शिशाच्या कांठावर आपलें नांव, १६४९ हें साल आणि ‘कैदी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द कोरून ठेविला. त्या शब्दांत एक अक्षर गळलेलें आहे. पवित्र कुंडावर एका बंडखोरानें ओरखडे काढले, हें त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांच्या दृष्टीनें विटंबनाच होती. आज त्या ओरखड्यांसाठीं लोक दूरवरून येतात, आणि १९७५ पासून त्या शिपायांच्या स्मरणार्थ बर्फर्डला मे महिन्यांत मेळावा भरूं लागला.

आतां वादाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडांतील बहुतेक जुन्या चर्चांची अवस्था शोचनीय झालेली होती. छपरें गळत होतीं. सधन कुटुंबांनीं स्वतःसाठीं बांधलेल्या उंच पेटीसारख्या बांकांनीं सभामंडप भरून गेलेले होते. ओल भिंतींत चढली होती. त्यांतच ऑक्सफर्ड व केंब्रिज येथून धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. १८३९ सालीं स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीनें तर चर्च कसें असावें, वेदी कोठें असावी, कोणत्या काळची शैली शुद्ध मानावी, याचें शास्त्रच बनविलें. चौदाव्या शतकाच्या आसपासची गॉथिक शैली हीच शुद्ध, तिच्या आधींचें तें कोंवळें आणि नंतरचें तें भ्रष्ट, असा समज रूढ झाला. मग स्थपतींनीं ‘मूळ रूप’ परत आणण्याचा सपाटा लाविला. नंतरच्या काळच्या खिडक्या काढून तेथें ‘शुद्ध’ खिडक्या बसविल्या. भिंतींवरील गिलावा खरवडून आंतला ओबडधोबड दगड उघडा पाडला. झिजलेल्या फरशा उपटून यंत्रावर केलेल्या चकचकीत फरशा घातल्या. यांतील विपरीत गोष्ट अशी कीं मध्ययुगांतील लोकांनीं तो दगड उघडा राहावा अशी कधीं कल्पनाही केली नव्हती. आंतल्या भिंतींना ते गिलावा देत आणि त्यावर संतांचीं व शेवटच्या न्यायाचीं चित्रें रंगवीत. धर्मसुधारणेच्या काळीं त्या चित्रांवर चुन्याचा हात फिरला खरा, पण चुन्याखालीं तीं सुरक्षित होतीं. जुन्याच्या भक्तांनीं गिलाव्याबरोबर तींही खरवडून टाकिलीं. द्वेषानें झांकलेलें राहिलें आणि भक्तीनें उघडलेलें नष्ट झालें, असा हा प्रकार आहे.

तरीही या लोकांना सरसकट दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांनीं छपरें नवीं घातलीं, पाया सांवरला, गरिबांना बसावयास जागा करून दिली. कित्येक चर्चें त्यांच्यामुळेंच आज उभीं आहेत. त्यांची चूक उत्साहाच्या अभावाची नव्हती. प्रत्येक इमारतीला एक खरी तारीख असते, आणि तिच्या आधींनंतरचें सर्व म्हणजे मळ, असें त्यांनीं गृहीत धरिलें. ही चूक विचाराची होती.

बर्फर्डच्या चर्चचा असा जीर्णोद्धार १८७० नंतरच्या वर्षांत चालला होता, आणि तो करणारे स्थपति होते जॉर्ज एडमंड स्ट्रीट, त्या काळचे एक अत्यंत विद्वान व प्रामाणिक शिल्पज्ञ. १८७६ सालीं विल्यम मॉरिस हे कवि व कारागीर केल्म्स्कॉट येथील आपल्या घराहून निघून बर्फर्डवरून जात असतां त्यांनीं तें काम पाहिलें, आणि त्यांचा संताप अनावर झाला. या प्रसंगांत एक विलक्षण योग आहे. वीस वर्षांपूर्वीं, १८५६ सालीं, तरुण मॉरिस स्थापत्य शिकण्यासाठीं याच स्ट्रीट यांच्या ऑक्सफर्ड येथील कचेरींत उमेदवारी करीत होते. पुढें मॉरिस यांचे आजन्म सहकारी झालेले फिलिप वेब त्यांना त्याच कचेरींत भेटले. म्हणजे जुन्या इमारतींची जी दृष्टि मॉरिस यांना मिळाली, तिचा कांहीं अंश तरी त्यांना गुरुगृहींच मिळालेला होता, आणि ती घेऊन ते गुरूच्याच कामाविरुद्ध उभे राहिले. परंपरेनें असें सांगतात कीं मॉरिस यांनीं तक्रार करतांच तेथील व्हिकर, म्हणजे गांवचे धर्मोपदेशक, यांनीं उत्तर दिलें, हें चर्च माझें आहे, आणि माझ्या मनांत आलें तर मी यांत डोकें खालीं पाय वर करूनही उभा राहीन. हें उत्तर शब्दशः असेंच दिलें गेलें असो वा नसो, सबंध वादाचा गाभा त्यांत आलेला आहे. त्याकडे पुढें पुन्हां येऊं.

पुढच्याच वर्षीं, १८७७ च्या मार्चमध्यें, ट्यूक्सबरी येथील प्राचीन मंदिराचा जीर्णोद्धार सर गिल्बर्ट स्कॉट करीत आहेत असें वाचून मॉरिस यांनीं ‘अथीनियम’ या साप्ताहिकास एक कडक पत्र लिहिलें. आणि त्याच महिन्यांत प्राचीन इमारतींच्या संरक्षणाची संस्था स्थापन झाली. खरवडण्याला तिचा विरोध म्हणून तिला ‘खरवड-विरोधी’ असें टोपणनांव पडलें. मुंबईकर वाचकांस हे गिल्बर्ट स्कॉट परके नाहींत. मुंबई विद्यापीठाचा पदवीदान-मंडप आणि राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय यांचे नकाशे त्यांनींच, मुंबईस कधीं न येतां, विलायतेंत बसून काढिले. मनोरा १८७८ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर कांहीं महिन्यांनीं, पुरा झाला. नवी इमारत कल्पिणारा म्हणून जो मनुष्य थोर, तोच जुनी इमारत हातीं आल्यावर तिलाही नवी कल्पूं लागला, यांत स्कॉट यांच्या गुणाचा व दोषाचा उगम एकच दिसतो.

संस्थेचें जें जाहीरपत्रक मॉरिस यांनीं १८७७ सालीं लिहिलें, तें केवळ चळवळीचें पत्रक नाहीं. इंग्रजी टीकावाङ्मयांतही त्याला स्थान आहे. त्याचा आशय थोडक्यांत असा. जुनी इमारत ही गेलेल्या काळाची लिखित साक्ष आहे, आणि गेलेला काळ कोणालाही पुन्हां जगतां येत नाहीं. म्हणून ‘मूळ रूप परत आणणें’ ही गोष्टच अशक्य आहे. जें होतें तें इतकेंच कीं खरी साक्ष पुसली जाते आणि तिच्या जागीं आजच्या माणसाची अटकळ उभी राहते. तेव्हां जीर्णोद्धाराऐवजीं जतन करावें. नित्य काळजी घेऊन झीज थोपवावी. भिंत झुकली तर उघड दिसेल असा टेंकू द्यावा, छप्पर गळलें तर तें झांकावें. आणि इमारत आजच्या गरजेला पुरेनाशी झाली तर तिला न बदलतां दुसरी बांधावी. जॉन रस्किन यांनीं १८४९ च्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत हाच विचार अधिक प्रखरपणें मांडला होता. मॉरिस यांनीं त्याला व्यवहाराचे नियम जोडले, आणि त्यासाठीं स्वतःच्या धंद्याची तोशीसही सोसली. जुन्या चर्चांना रंगीत कांचा पुरविणें हा त्यांच्या कारखान्याचा मोठा व्यवसाय होता. संस्था स्थापन झाल्यावर मध्ययुगीन इमारतींसाठीं तशीं कामें सामान्यतः न घेण्याचें त्यांनीं ठरविलें. भारतांत जॉन मार्शल यांनीं १९२३ सालीं पुराणवस्तुसंरक्षणाचे जे नियम ग्रंथरूपानें घालून दिले, त्यांतही जीर्णोद्धारापेक्षां जतनावर भर आहे.

या सिद्धांतावर पहिला आक्षेप येतो तो बर्फर्डच्याच इतिहासावरून. पंधराव्या शतकांतील व्यापाऱ्यांनीं बाराव्या शतकाचा मनोरा ‘जतन’ केला काय? त्यांनीं त्यावर शिखर चढविलें, जुना सभामंडप मोडला, अलग असलेलें मंदिर जोडलें. त्यांना ज्यानें थांबविलें असतें, त्यानें आज आपण ज्याला सुंदर म्हणतों तें होऊंच दिलें नसतें. मग जो अधिकार त्या व्यापाऱ्यांना होता, तो स्ट्रीट यांना कां नसावा? मॉरिस यांचें उत्तर असें कीं जुन्या लोकांनीं फेरफार केले ते स्वतःच्या काळच्या जिवंत शैलींत. पंधराव्या शतकानें बाराव्याचें सोंग घेतलें नाहीं. एकोणिसावें शतक मात्र चौदाव्याचें सोंग घेतें. हें उत्तर मार्मिक आहे, आणि बर्फर्डला तें डोळ्यांनीं पटतें. बसका मनोरा आणि सडपातळ शिखर यांचा सांधा स्पष्ट दिसतो. पाहणाऱ्यास कोणी फसवूं इच्छीत नाहीं. भेसळ वाईट ती यासाठीं कीं ती ओळखूं येत नाहीं. ओळखूं येणारी भर ही भेसळ नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, आणि त्याचा मॉरिस यांच्या पक्षानें आरंभीं पुरता विचार केलेला दिसत नाहीं. स्ट्रीट यांच्या कामालाही आतां सुमारें दीडशें वर्षें झालीं. ज्या नियमानें बाराव्या शतकाचा दगड पूज्य, त्याच नियमानें एकोणिसाव्या शतकाची फरशीही साक्षच ठरते. त्या काळच्या श्रद्धेची, तिच्या आत्मविश्वासाची आणि तिच्या चुकीचीही. उद्यां कोणी मॉरिस यांचा अभिमानी उठून ती फरशी उपटून त्याखालचें ‘खरें’ बर्फर्ड बाहेर काढूं लागला, तर तो मॉरिस यांच्या नांवानें स्ट्रीट यांचेंच काम करील. आज इंग्लंडांतील जाणकार हें ओळखून वागतात. जीर्णोद्धारकांचें काम हाही इतिहासाचा एक थर म्हणून ते सांभाळतात. हा सिद्धांताचा पराजय नाहीं; उलट तो आपल्या शत्रूलाही आश्रय देण्याइतका व्यापक निघाला. ज्याच्या रागांतून नियम जन्मला त्यालाच त्या नियमानें संरक्षण द्यावें, ही नियमाच्या खरेपणाची कसोटी होय.

सिद्धांतांतील खरें उणें निराळ्याच ठिकाणीं आहे. नित्य काळजी घ्या, असें पत्रक सांगतें. ती कोणीं घ्यावी आणि तिचा पैसा कोठून यावा, याविषयीं तें बोलत नाहीं. मध्ययुगांत याची वांटणी ठरलेली होती. गाभाऱ्याची दुरुस्ती रेक्टरकडे, म्हणजे त्या चर्चचें मुख्य उत्पन्न घेणाऱ्याकडे, आणि सभामंडपाची गांवकऱ्यांकडे. गांवकऱ्यांच्या वतीनें चर्चवॉर्डन नांवाचे दोन कारभारी हिशेब ठेवीत, आणि त्यासाठीं गांवावर पट्टी बसे. ही वांटणी इतकी चिवट कीं रेक्टरचा हक्क विकत घेतलेल्या जमिनीबरोबर गाभाऱ्याची जबाबदारीही मालकावर येते, असा निकाल ॲस्टन कॅन्टलो येथील प्रकरणांत इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानें २००३ सालीं दिला. गांवपट्टीची सक्ती मात्र १८६८ सालींच रद्द झाली, आणि तेव्हांपासून सभामंडपाचा भार लोकांच्या ऐच्छिक देणग्यांवर पडला. येथें मनुष्यस्वभाव आडवा येतो. देणगीदाराला खिडकी द्यावीशी वाटते, वेदी द्यावीशी वाटते, कारण त्यावर त्याचें नांव राहतें. छपराची पन्हळ साफ केल्याबद्दल कोणी पितळेची पाटी लावीत नाहीं. बर्फर्डला जो उत्साह दिसला त्याच्या मागें सिद्धांताइतकेंच हें अर्थकारणही होतें असें आम्हांस वाटतें. जीर्णोद्धाराला वर्गणी जमते, जतनाला जमत नाहीं.

आणि वस्तुतः इमारत जगते ती पन्हळीवर. शरद ऋतूंत गळलेलीं पानें पन्हळींत तुंबलीं, कीं पावसाचें पाणी भिंतीच्या माथ्यावर सांडतें. तेथें तुळयांचीं टोंकें भिंतींत रुतलेलीं असतात, तीं आधीं ओलीं होतात, मग कुजतात. कुजक्या ओकाच्या लांकडांत भुंगेरे शिरतात. आणि वीस वर्षांनीं ज्या छपरासाठीं लाखांची वर्गणी काढावी लागते, तें एका शिडीनें व एका खुरप्यानें वांचलें असतें. भिंतींच्या दरजांचीही तीच गोष्ट. जुन्या गवंड्यांचा चुना दगडाहून मऊ असे. भिंतींतली ओल त्यांतून बाहेर पडे आणि झीज झाली तर चुन्याची होई. विसाव्या शतकांत सोयीचें म्हणून पुष्कळ ठिकाणीं दरजा सिमेंटानें भरल्या गेल्या. सिमेंट कठीण, ओल अडली, आणि ती दगडांतून वाट काढूं लागल्यामुळें दगडाचे पापुद्रे सुटूं लागले. तात्पर्य, जतनाचें शास्त्र हें लहान, नीरस आणि निनांवी कामांचें शास्त्र आहे.

हें ओळखून पुढें कांहीं व्यवस्था झाली. १९५५ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिश चर्चची दर पांच वर्षांनीं जाणत्या स्थपतीकडून तपासणी व्हावी असें ठरलें. आणि धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून व्हिकरला किंवा गांवकऱ्यांना इमारतींत महत्त्वाचा फेरफार करतां येत नाहीं. परंतु भार थोडा नाहीं. इंग्लंडच्या धर्मसंस्थेकडे सुमारें १६,००० चर्चें आहेत, आणि त्यांपैकीं १२,००० हून अधिक संरक्षित इमारतींच्या यादींत आहेत. त्यांत करांचा न्याय पाहावा तर उलटाच. नवें चर्च बांधावयाचें तर विक्रीकरासारखा तेथील मूल्यवर्धित कर माफ. जुन्याची दुरुस्ती करावयाची तर २०११ पासून शंभरास वीस. ही विसंगति झांकण्यासाठीं २००१ सालीं सरकारनें कराइतकें अनुदान देण्याची योजना काढिली होती. १८७७ पासून जतनाचे गोडवे गाणाऱ्या राष्ट्रानें २०२५ सालीं त्या अनुदानालाही चर्चमागें वर्षास २५,००० पौंडांची मर्यादा घातली.

मॉरिस यांच्या सिद्धांताचें संपूर्ण यश पाहावयाचें असेल तर बर्फर्डपासून दहाएक मैलांवर, थेम्सच्या वरच्या कांठीं, इंगल्शम येथें जावें. तेथील लहानसें चर्चही सेंट जॉन बॅप्टिस्ट याच्याच नांवाचें आहे. १८८८–८९ सालीं मॉरिस यांच्या पाठिंब्यानें व त्यांच्या संस्थेच्या देखरेखीखालीं त्याची दुरुस्ती झाली, आणि ती अशी झाली कीं झाल्याचें दिसूं नये. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतच्या रंगलेखनाचे थर तेथें भिंतींवर एकावर एक दिसतात; एका चित्रांतून दुसरें, दुसऱ्यांतून धर्मवचनाचीं अक्षरें डोकावतात. जुन्या, वांकड्यातिकड्या पेटीबांकांना कोणी हात लाविलेला नाहीं. एका भिंतींत माता व बालक यांचें सॅक्सन काळचें शिल्प आहे. बर्फर्डहून हें चर्च कितीतरी साधें. पण सत्याचा स्पर्श येथें अधिक निर्भेळ होतो, असें कोणाही रसिकास म्हणावें लागेल. मात्र येथें आतां नित्याची उपासना होत नाहीं. भोवतालची वस्ती विरळ झाली, आणि ज्या चर्चांना गांव उरलें नाहीं त्यांच्यासाठीं १९६९ सालीं जी विश्वस्त संस्था निघाली, जिच्या हवालीं आज ३५० हून अधिक चर्चें आहेत, तिच्याकडे तें गेलें. उलट बर्फर्डला घंटा वाजतात, लग्नें लागतात, मुलांना त्या ओरखडलेल्या कुंडाशीं आणितात.

म्हणजे जें उत्तम जपलें गेलें तें रिकामें, आणि जें बिघडविलें गेलें तें भरलेलें, असें हें दृश्य आहे. यावरून जीर्णोद्धारच बरा असें म्हणणारे निघतील. परंतु इंगल्शम ओस पडलें तें जतनामुळें नव्हे, शेतीवरचीं माणसें निघून गेल्यामुळें. आणि बर्फर्ड भरलें आहे तें स्ट्रीट यांच्या फरशांमुळें नव्हे, गांव नांदतें आहे म्हणून. या दोन चर्चांनीं मिळून जी गोष्ट सिद्ध होते ती अशी : मॉरिस यांनीं दगडाचा धर्म अचूक सांगितला, पण दगडाला माणसांची गरज असते, हें त्यांच्या पत्रकानें गृहीत धरिलें आणि म्हणून सांगितलें नाहीं. पिढ्यान्पिढ्या शिडी लावून छपरावर चढणारा कोणीतरी हवा, आणि त्याला तें चर्च आपलें वाटावयास हवें.

येथेंच त्या व्हिकरच्या उत्तराकडे परत यावें लागतें. ‘हें चर्च माझें आहे’ या बोलण्यांत उद्धटपणा आहे यांत शंका नाहीं. मॉरिस यांचा पक्ष असा होता कीं जुन्या इमारती आपल्या नव्हतच. ज्यांनीं बांधिल्या त्यांच्या त्या आहेत आणि जे पुढें येतील त्यांच्या आहेत, आपण केवळ मधले राखणदार. नीति म्हणून हें बोलणें श्रेष्ठ आहे. पण ज्याला कोणीही ‘माझें’ म्हणत नाहीं त्याची पन्हळ कोण साफ करणार? व्हिकरचा दोष त्या शब्दांत नव्हता. ‘माझें’ म्हणजे ‘मी वाटेल तें करीन’ असा त्यानें अर्थ केला, हा दोष. आपल्या भाषेंत जमिनीला ‘वतन’ असा शब्द होता. वतन पुत्राकडून नातवाकडे जाई. तें ज्याचें त्याला प्राणांहून प्रिय असे, पण उपभोगाबरोबर गांवची चाकरीही त्याच्या गळ्यांत असे. वतनाच्या नांवानें अन्यायही पुष्कळ झाले; तरी मालकी आणि कर्तव्य हीं एकाच शब्दांत बांधण्याची जी युक्ति त्यांत होती, ती या प्रश्नाला लागू पडते. लोंकरीच्या व्यापाऱ्यांना तें चर्च आपलें वाटलें म्हणून शिखर चढलें. टॅनफील्डच्या विधवेला तें आपलें वाटलें म्हणून समाधीनें जागा अडविली. आणि ज्याला तेथें मुळींच राहावयाचें नव्हतें त्या कैद्यानेंही कांहीं काळापुरतें तें आपलें करून घेतलें. या प्रत्येक ‘माझें’मधून कांहीं ना कांहीं इमारतीला मिळालें. पुसण्याचा अधिकार मात्र त्यांपैकीं कोणालाच नव्हता, आणि स्ट्रीट यांनाही नव्हता.

आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द पुण्याचा मानिला जातो, आणि पडक्या देवळाला पुन्हां पूजेला आणणाऱ्यांचें पुण्य कोणी नाकारूं नये. परंतु त्या शब्दाच्या दोन अर्धांत एक तंटा लपलेला आहे. जीर्णाचा उद्धार करावयाचा, कीं जीर्णपणापासून उद्धार करावयाचा? पहिला अर्थ घेतला तर जें झिजलें आहे तेंच वांचवावयाचें असतें. दुसरा घेतला तर झीज घालविण्याच्या नादांत झिजलेली वस्तूच जाते. कुंडाचा तो शिशाचा कांठ खराब झाला आहे, वर कोणीतरी चुकीच्या अक्षरांत कांहीं खरडलें आहे, तो बदलून स्वच्छ करूं या, असें म्हणणारा एखादा शुद्धलेखनप्रिय कारभारी पावणेचारशें वर्षांत बर्फर्डला निघाला असता, तर त्याच्या मतें त्यानें चर्चची सेवाच केली असती. तसा कोणी निघाला नाहीं, म्हणून अँथनी सेड्ली आजही तेथें आहे.